समेवर सुटलेलं बटण

मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन दहा सेकंदांत पुरं होतं. आयएसडी १८२० ही आवाज साठवणारी छोटी चिप १०० किलोओहमच्या रेझिस्टरवर दहाच सेकंदांचा आवाज धरते. हा मेळ ध्यानात आल्यापासून ही चिप तबलजींसाठीच घडवली असावी, असं मला वाटत आलंय.

रियाजाला लेहरा लागतो, म्हणजे तालाचं आवर्तन धरून पुन्हा पुन्हा फिरणारी एकच सुरावट. मोबाइलवरची लेहऱ्याची ॲप सुराला आणि लयीला चोख असतात, वेळेला उपयोगी पडतात. पण ज्या पेटीवाल्याबरोबर आपण बसतो, त्याची बोटं समेकडे येताना किंचित दाब देतात. तो दाब मला रियाजातही हवा असतो, म्हणून लेहऱ्याचा डबा मी घरी जोडतो.

सामान फार नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिपचं तयार मॉड्यूल, आठ ओहमचा स्पीकर आणि बटणं मिळून जातात. खरी करामत एका तारेची. रेकॉर्डिंगचा दिवा ज्या पिनवर असतो, ती पिन साठवलेला आवाज संपला की क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर येते. तीच पिन वाजवण्याच्या पिनला जोडली की आवाज संपताक्षणी तो पुन्हा सुरू होतो. तारेत एक स्विच घालावा, म्हणजे आवर्तन आपल्या मर्जीने थांबतं. दिवाही दर समेला लुकलुकतो. तबल्यावरून नजर उचलली की तो दिसतो, आणि मला तो फार आवडतो.

सोल्डरिंग तासाभराचं काम. हात तयार करावा लागतो तो रेकॉर्डिंगच्या बटणासाठी. बटण दाबून धरलं आहे तोवर चिप ऐकते, सोडलं की तिथेच शेवटाची खूण करते. म्हणजे लेहऱ्याची लांबी घड्याळ ठरवत नाही, अंगठा ठरवतो. पेटीवाला दोन-तीन आवर्तनं वाजवून स्थिर झाला की समेवर दाबायचं, सोळा मात्रा मनात मोजायच्या आणि पुढच्या समेवर सोडायचं. खरं तर समेच्या केसभर आधी, कारण शेवट गाठून पुन्हा सुरुवात पकडायला चिपलाही थोडा अवधी लागतो. तेवढा अवधी सोळाव्या मात्रेच्या पोटातून काढायचा असतो. उशिरा सोडलं तर दर आवर्तनाला लय लंगडते, फार लवकर सोडलं तर सम अंगावर येते. जोड जमला की तो कानाला सापडत नाही. ही जाण सर्किटच्या नकाशात नसते. ज्याने टाळी-खाली धरून ताल मोजलाय त्याच्या हातात ती आधीपासून असते.

चिपच्या पोटातली गोष्टही सांगण्यासारखी आहे. ती आवाजाचे आकडे करत नाही. प्रत्येक नमुना एकेका स्मृतिपेशीत कमी-जास्त विद्युतभाराच्या रूपात तसाच ठेवते. वीज काढून घेतली तरी लेहरा जागेवर राहतो. मायक्रोफोनचा आवाज ती आपणहून वरखाली करते. पेटी हळू वाजली की ती कान टवकारते, मग भात्याचा श्वास आणि पंख्याची घरघरही आत येते. पंखा बंद करावा, भात्याचा श्वास मात्र मी राहू देतो.

रेझिस्टर बदलून लांबी वाढते, पण फुकट नाही. ८० किलोओहमला आठ सेकंद आणि ३.४ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मिळतात. २०० किलोओहमला वीस सेकंद, पण वरची मर्यादा १.३ किलोहर्ट्झवर येते आणि पेटी गोधडीतून वाजल्यासारखी ऐकू येते. विलंबितासाठी ही चिप नाही, हे मान्य करावं. १०० किलोओहमच्या जागी ८२ चा रेझिस्टर आणि त्याला जोडून ५० चा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, घातला की वाजतानाही लय फिरवता येते. मात्र लयीबरोबर सूरही हलतो. काळी एकचा लेहरा पांढरी एकला उतरवला तर ९६ ची लय ९१ च्या आसपास येते. म्हणून पॉटने आधी सूर लावावा आणि मिळेल ती लय घ्यावी. तबला सुरात नसेल तर रियाजाला अर्थ नाही.

अशी दोन मॉड्यूल शेजारी ठेवून दोन्हींत एकच लेहरा भरला तर ती एकत्र निघतात आणि हळूहळू फाकतात, कारण दोन्हींची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांनी १९६५ साली टेपच्या दोन वेढ्यांचं असं सरकणं ऐकलं आणि त्यातून ‘इट्स गॉना रेन’ ही रचना उभी केली. तबल्याला मात्र एकच सम लागते. दुसरं मॉड्यूल मी झपतालासाठी ठेवलंय: मिनिटाला ६० मात्रा, दहा मात्रांचे पुन्हा दहाच सेकंद.