पार्किंगच्या भिंतीवरची रेघ

गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज येऊन आठ दिवस झाले, पण यंदा तो डोळे मिटून पैसे भरणार नाही.

मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी शिरलं. ते पुरतं ओसरायच्या आतच त्याने सवयीने किल्ली फिरवली. एक खरखर, मग काहीच नाही. इंजिनाने पाणी ओढलं होतं. विमा सर्वसमावेशक होता, तरी इंजिनाचा खर्च नामंजूर झाला. पुराचा धोका पॉलिसीत होता. पाण्यात गाडी सुरू केल्याने झालेलं नुकसान नव्हतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, हे त्याला गॅरेजमध्ये कळलं.

आता तो पेन्सिल घेऊन बसलाय. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यातून समोरच्याची भरपाई होते, आपल्या गाडीची नाही. झीरो डेप नसेल, तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा कापतात. आयडीव्ही, म्हणजे गाडीची ठरवलेली विमा किंमत, कमी धरली की हप्ता उतरतो, पण गाडी चोरीला गेली तर हातात जास्तीत जास्त तेवढेच पडतात. हप्ता वाचवायचा हा मोह फार वाईट.

इंजिन प्रोटेक्शनपुढे त्याने खूण केली. मग खाली जाऊन भिंतीवरची पाण्याची रेघ पुन्हा पाहून आला.