तुम्ही कुठे उभे होतात?

सहावी-सातवीतली मुलं बातमी लिहायला बसली, की तिच्यात एक 'प्रत्यक्षदर्शी' हमखास येतो आणि तो पाठ्यपुस्तकासारखं बोलतो. शाळेबाहेर पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली, तेव्हा आमच्या भित्तिपत्रकासाठी आलेल्या बहुतेक बातम्यांत एकच वाक्य थोड्याफार फरकानं होतं : 'या घटनेमुळे परिसरातील नागरिकांची प्रचंड गैरसोय झाली, असे एका प्रत्यक्षदर्शीने सांगितले.' मुलं खोटं लिहीत नव्हती. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींशी ती खरंच बोलून आली होती. मावशींचं बोलणं छापण्याजोगं नाही असं वाटल्यामुळे त्यांनी ते धुऊनपुसून घेतलं होतं. वह्या उघडायला लावल्यावर एका मुलीच्या वहीत मूळ शब्द सापडले : "माझी मेथी गेली ना बाई वाहून. जुड्या पार तुमच्या गेटापाशी." पाण्याला जोर किती होता, ते कुठल्या अंगाला धावलं, कुणाचं काय गेलं, सगळं यात आहे. 'गैरसोय' या शब्दात यातलं काहीही नाही.

वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून माझी बरीच वर्षं बातमीदारांच्या बातम्या तपासण्यात गेली. मुलांना शिकवते ते तिथलंच. पहिला प्रश्न 'काय झालं?' हा नको. 'तुम्ही कुठे उभे होतात?' हा हवा. जागा कळली की त्या माणसाला काय दिसू शकत होतं, हे आपोआप कळतं. आणि सांगणाराही आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो, मग नेमकं बोलू लागतो. दुसरा प्रश्न, 'हे पाहिलंत की ऐकलंत?' वहीच्या समासात पाहिलेल्यासाठी 'पा', ऐकलेल्यासाठी 'ऐ'. बातमीत अवतरणचिन्हात जायचं ते शक्यतो 'पा'मधलं.

याचा सराव मी पानशेतच्या पुरावर घेते, कारण पुण्यात त्याचे साक्षीदार अजून भेटतात. 12 जुलै 1961ला जे दहा वर्षांचे होते, ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. मुलं घरातल्या, वाड्यातल्या, सोसायटीतल्या आजी-आजोबांना गाठतात. बहुतेकांच्या सांगण्यात आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचणारे जवान येतात, पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, हे येतं. समासात मात्र या सगळ्यापुढे 'ऐ' लागतं. शहरातल्या कुणी त्या सकाळी धरण फुटताना पाहिलेलं नसतं. मुलं हिरमुसतात. "ताई, मग हे खोटं का?" खोटं मुळीच नाही. ते बातमीत यायलाच हवं, पण नोंदींतून तपासून, बातमीदाराच्या वाक्यात. आजींच्या तोंडी शोभतं ते आजींनी पाहिलेलं : पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबलं, पर्वतीकडे पळताना हातात काय घेतलं होतं, परतल्यावर स्वयंपाकघरातला चिखल कुठवर होता. हे दुसऱ्या कुणाला सांगताच येणार नाही.

आणि साक्षी जुळत नाहीत, तेव्हा वर्गात खरी गंमत येते. एक आजोबा म्हणतात पाणी सकाळी आलं, दुसरे म्हणतात दुपारी. मुलांना लगेच हात वर करून बहुमत घ्यायचं असतं. मी नकाशा पसरते आणि दोघं त्या दिवशी कुठे होते ते विचारून यायला सांगते. एक नदीकाठच्या तळमजल्यावर, दुसरे काठापासून बरेच आत. नदीचं पाणी तासन्तास चढत राहिलं तर दोघंही खरे. बातमीत दोघांचं म्हणणं जातं, जागेसकट.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण असते. 'आजी म्हणाल्या, की मी पुलावर होते' हे आपलं सहज वाक्य. सांगणारीचा 'मी' आपण तसाच ठेवतो, त्यामुळे शब्द तिचेच आहेत की आपण सारांश केलाय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून अवतरणचिन्हाबाबत मी हट्टी आहे. चिन्ह घातलं, तर आत वहीतला शब्द न् शब्द. सारांश करायचा असेल तर खुशाल करा, चिन्ह काढा.

30 जुलै 2014ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटीचालकामुळे. त्यानं डोंगर कोसळताना पाहिला नव्हता. गाव असायला हवं तिथे ते नाही, एवढंच पाहिलं होतं. मुलांना मी हे सांगते, कारण त्यांना वाटतं साक्षीदारानं सगळं पाहिलेलं असावं लागतं. इतकं थोडं पाहिलेलंही, वेळेवर सांगितलं तर, मदत पोचवतं.

अशा ठिकाणी 'तुम्हाला कसं वाटतंय?' हा प्रश्न आम्ही विचारत नाही. वाहिन्यांवर तो रोज ऐकून मुलांच्या तोंडी बसलाय, आणि तो मोडून काढणं मला या कामात सगळ्यात गरजेचं वाटतं. घरातलं माणूस गेलेल्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे. साक्षीदार मूल असेल तर आणखी जपायचं. गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख छापायला 2015च्या बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमानं मनाई आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही. आपल्या वयाच्या मुलाला कायदा असा जपतो, हे वर्गाला फार आवडतं. बोलता बोलता कुणी रडू लागलं, तर वही मिटायची, पाणी द्यायचं, सोबत बसायचं. नंतर त्यांनीच 'लिही' म्हटलं तर लिहायचं. नाही म्हटलं, तर त्या दिवशीची बातमी अग्निशमन दलानं आणि पोलिसांनी दिलेल्या माहितीवर पूर्ण करायची.