एकच कॉम्प्युटर, दोन बिऱ्हाडं

कुंभकोणममध्ये पितळी समयांचं दुकान असेल, तर कार्तिगै दीपमच्या आधीचे दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. यंदा नेमक्या त्याच सुमारास आमच्या लेकीला लिनक्स हवं झालं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, प्रॅक्टिकल सगळी त्यावरच. घरात कॉम्प्युटर एकच, आणि त्यात दुकानाची अकरा वर्षांची बिलं. बिलांचा प्रोग्रॅम चालतो फक्त विंडोजवर.

"सगळं पुसलं गेलं तर?" आमचे हे एवढंच म्हणाले. प्रश्न रास्त होता.

दोन सिस्टिम एकत्र नांदणं इथे नवं नाही. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप दिले, त्यातल्या सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजसोबत सी-डॅकची बॉस लिनक्स होती. पण एकाच डिस्कवर. दुरुस्तीवाल्यानेही तेच सुचवलं, की आहे त्या डिस्कचे दोन भाग करू. मला ते पटेना. भरल्या घरात भिंत घालताना भांडी फुटतातच. आम्ही वेगळी एसएसडी आणली.

तुम्हालाही करायचं असेल, तर आधी बॅकअप घ्या, आणि तो कॉम्प्युटरबाहेर ठेवा. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या डिस्कवर लिनक्सला नीट लिहिता येत नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा.

मग मुख्य गोष्ट. मशीन बंद करून, प्लग काढून, विंडोजच्या डिस्कची केबल सोडवा. होय, चक्क सोडवा! कारण तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी काही इन्स्टॉलर लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम पहिल्या डिस्कच्या ईएफआय भागात टाकतात. मग उद्या पहिली डिस्क बिघडली की दुसरी धडधाकट असूनही सुरू होत नाही. केबलच नसेल तर हा प्रश्नच उरत नाही. लेकीने उबुंटू टाकलं, केबल परत जोडली. आमचे हे तोवर शेजारी उभे, चहा गार झालेला. विंडोज उघडलं, बिलं जागच्या जागी. (डिस्क एम.२ प्रकारची असेल तर केबल नसते, स्क्रू काढून ती बाहेर घ्यावी लागते.)

एक गंमत मात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या बिलावर वेळ आली पहाटे साडेचारची! मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स ग्रीनिचच्या वेळेचं. दोहोंत आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सला एक आज्ञा देऊन ते घड्याळ स्थानिक वेळेचं मानायला लावलं, की मिटलं.

बायोसमध्ये पहिला क्रमांक विंडोजला दिलाय. त्यामुळे ह्यांना फक्त बटण दाबायचं, बाकी काही नाही. लेक रात्री मशीन सुरू करताना एफ१२ दाबते आणि आपली डिस्क निवडते. तुमच्या मशीनवर ती कळ एफ८, एफ११ किंवा एस्केप असू शकेल. कंपनीगणिक बदलते, सुरू होताना स्क्रीनच्या कडेला बघा.