खाऱ्या वाऱ्यात टिकेल ते

९ जून २०२४
मृग लागला आणि पाऊसही वेळेवर आला. प्रयोगशाळेतला आर्द्रतामापक कालपासून नव्वदीच्या खाली यायला तयार नाही. अशा हवेत आज पुण्याहून आलेली, पेरोव्स्काइट या सौर पदार्थाचा थर दिलेली काच उघडली. मैत्रिणीने ती सिलिका जेलच्या पुड्यांसह डबीत बंद करून पाठवली होती. डबीतून काढली तेव्हा थर काळसर तपकिरी आणि चकचकीत होता. टेबलावर ठेवून तासाला गेले. परत येऊन पाहते तो कडा पिवळ्या पडायला लागलेल्या. संध्याकाळी कुलूप लावताना पिवळेपणा अर्ध्या काचेवर सरकला होता. तो पिवळा रंग म्हणजे लेड आयोडाइड. पाण्याच्या वाफेने स्फटिकातला सेंद्रिय भाग सोडवून नेला आणि शिशाचा क्षार तेवढा मागे उरला.

जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये पेरोव्स्काइट सौरघटात वापरलं तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. इतक्या थोड्या वर्षांत एवढी चढण चढलेला दुसरा सौर पदार्थ मला माहीत नाही, आणि या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या हवेत मोजला हेही छापावं, असं मला वाटतं. यातले बरेच घट नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये बनतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर असतो.

संशोधन करणारा विद्यार्थी काच हातात धरून म्हणाला, "मॅडम, म्हणजे हे कोकणात चालणारच नाही का?"
"उघडं नाही चालणार. बंद करून चालवायचं. आणि बंद कसं करायचं, हेच आपलं काम."
त्याने वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा हेच वाक्य.

२३ जून
क्ष-किरण विवर्तनासाठी नमुने घेऊन संशोधन करणारा विद्यार्थी उद्या कोल्हापूरला जाणार. आंबा घाटात धुकं असेल, सकाळची एसटी पकड म्हणून सांगितलं. नमुन्यांच्या काचा टिश्यूत गुंडाळून, त्यावर आकडे घालून, डबा माझ्या हाताने भरला. हे काम दुसऱ्यावर सोपवायला मला अजून जमत नाही.

या वाटेवर मी किती वर्षं आले-गेले. एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही शिवाजी विद्यापीठात. पातळ थरांच्या पदार्थांचं काम तिथे ज्या पद्धतीने वाढलं, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पातळ थर म्हटलं की जगभर निर्वात यंत्रं डोळ्यांसमोर येतात. त्यांची किंमत मोठी, देखभाल त्याहून मोठी. कोल्हापुरात एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काचेच्या बीकरमध्ये थर धरले. कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया पाण्यात मिसळायचे, त्यात काच उभी करायची आणि सत्तर-ऐंशी अंशांवर थांबायचं. आधी द्रावण स्वच्छ असतं. मग फिकट पिवळसर झाक येते, आणि बघता बघता सगळं बीकर नारिंगी-पिवळं होतं. काच उचलून धुतली की तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा थर घट्ट बसलेला असतो. घाई करून लवकर काढली तर विरळ, उशीर केला तर वर भुकटी साचते. नेमकं कधी काढायची हे सुरुवातीला कुणी शिकवू शकत नाही, ते डोळ्यांनीच शिकायचं.

दुसरी पद्धत आलटून पालटून बुडवण्याची. धन आयनांच्या द्रावणात बुडवा, पाण्यात विसळा, ऋण आयनांच्या द्रावणात बुडवा, पुन्हा विसळा. प्रत्येक फेरीत अगदी थोडा थर चढतो. राजाराम माने आणि लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरचा २००० सालचा आढावा आणि हबीब पठाण व लोखंडे यांचा बुडवण्याच्या पद्धतीवरचा २००४ सालचा आढावा जगभर वाचले गेले. माने पुढे नांदेडला गेले, पठाण पुण्याला. आमच्यातले कितीतरी जण पीएच.डी.नंतर दक्षिण कोरियाला गेले, मीही गेले. तिथल्या लखलखीत प्रयोगशाळांत आमच्या हाताला जी किंमत मिळाली ती बीकरसमोर उभं राहून कमावलेली होती.

मराठी मुलखात दुसराही प्रवाह आहे. सतीशचंद्र ओगले यांनी स्पंदित लेसरने ऑक्साइडचे थर धरले. पुणे विद्यापीठ, मग अमेरिकेत मेरीलँड, परत पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, असा त्यांचा प्रवास. त्या यंत्राने अणूंची रचना जितकी नेटकी बसते तितकी बीकरमध्ये बसत नाही. दोन्ही हवं. पण जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीला या विषयात पाय ठेवता येतो तो बीकरमुळे, हे मी अनुभवाने सांगते.

७ जुलै
पदवीच्या मुलांसाठी आमसुलाचा सौरघट केला.

टायटॅनियम डायऑक्साइडची पूड आणि पातळ ॲसिटिक आम्ल खलात घोटलं. विद्युतवाहक काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून मधल्या चौकोनात लेप ओढला. भट्टीत साडेचारशे अंशांवर अर्धा तास. थंड झाल्यावर पांढराशुभ्र चौकोन आमसुलाच्या अर्कात ठेवला. अर्क लाल, पण काच बाहेर काढली तर चौकोन जांभळा! मुली टेबलाभोवती गोळा झाल्या. आमसुलातला सायनिडिन टायटॅनियमच्या अणूला आपल्या हायड्रॉक्सिल गटांनी धरतो आणि त्या बंधामुळे रंग बदलतो. म्हणजे रंग नुसता लागलेला नाही, बांधला गेला आहे. दुसऱ्या काचेवर पेन्सिलीचं ग्राफाइट घासलं, मध्ये आयोडिनच्या द्रावणाचे थेंब सोडले, दोन्ही काचांना चिमटे लावले. खिडकीशी नेल्यावर मीटरवर ०.४ व्होल्टच्या आसपास आकडा स्थिरावला.

बाहेर धो धो पाऊस होता. मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी १९९१ मध्ये रंगद्रव्याच्या घटाचा निबंध लिहिला, त्यात सूर्यासारख्या कृत्रिम प्रकाशात ७.१ ते ७.९ टक्के आणि ढगाळ, विखुरलेल्या उजेडात १२ टक्के असे आकडे दिले आहेत. पहिला आकडा सगळे सांगतात. कोकणातल्या माणसाने दुसरा आधी वाचावा. त्यांचं रंगद्रव्य रुथेनियमचं होतं, आमसुलाचा घट त्याच्या जवळपासही जात नाही आणि तसं मुलांना मी स्पष्ट सांगितलं. पण नॅनो कण कशासाठी, हे त्या चौकोनात दिसतं. सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकच थर बसला तर प्रकाश आरपार जातो. वीसेक नॅनोमीटरचे कण एकमेकांना चिकटून दहा मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र लेप तयार झाला की आतला पृष्ठभाग हजारपटीच्या घरात जातो. रंगाला बसायला तेवढी जागा मिळते.

१८ ऑगस्ट
उद्या नारळी पौर्णिमा. पाऊस थांबला म्हणून मिऱ्याच्या किनाऱ्यावर गेले. भरतीरेषेजवळ वाळूत काळे पट्टे होते. मूठभर वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवलं. काही कण ताबडतोब उभे राहिले, ते मॅग्नेटाइट. उरलेल्या जड काळ्या कणांत इल्मेनाइट असतं. ते साध्या चुंबकाला दाद देत नाही, जोरदार चुंबक लागतो. लोह आणि टायटॅनियमचं हे ऑक्साइड दख्खनच्या बेसॉल्टमधून सुटून, नद्यांनी वाहून, लाटांनी निवडून इथे साचलं आहे. काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड, सगळीकडे सापडतं. आमच्या भट्टीत गेलेली पांढरी पूड मुळात अशाच काळ्या दगडातून निघते.

जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "ताई, सोनं मिळतंय काय?"
"नाही काका, रंगाचा दगड आहे."
"मग राहू दे इथंच. किनारा आधीच खचतोय."

मलाही तसंच वाटतं. जगातलं बहुतेक टायटॅनियम डायऑक्साइड पांढऱ्या रंगात जातं, सौरघटांना लागेल ते त्यापुढे चिमूटभर. ते मिळवण्यासाठी समुद्र आत येत असलेला किनारा उपसणं हे स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली तरी होऊ नये. इल्मेनाइटवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली तर लोहाचं सल्फेट आणि आम्लयुक्त सांडपाणी उरतं. ते कुठे जाणार, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या निबंधातही यायला हवा.

२० ऑगस्ट
करवंट्या! पौर्णिमेनंतर मागायच्या आधीच शेजाऱ्यांनी पिशवीभर आणून दिल्या. वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी लागणारा कार्बन जगभर मोठ्या प्रमाणावर नारळाच्या करवंटीचाच असतो. करवंटी कमी हवेत जाळून कोळसा, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवून त्यात सूक्ष्म छिद्रं. एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग मिळतो. पुण्यात शिकलेले, आता अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात असलेले विलास पोळ यांनी नव्या प्रयोगशाळेच्या सामानाबरोबर आलेले पॅकिंगचे हलके दाणे तापवून लिथियम बॅटरीचा ॲनोड केला होता. २०१५ मधली ती बातमी मी वर्गात दरवर्षी सांगते. समोर पडलेल्या वस्तूकडे कार्बन म्हणून बघायची नजर मुलांना यावी म्हणून.

२६ सप्टेंबर
एका व्याख्यानात समुद्राच्या पाण्यापासून हायड्रोजन, असा विषय निघाला. कोकणात हा विषय निघाला की सगळ्यांचे डोळे चमकतात. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठरलं. काम खरंच मोठं आहे. पण खाऱ्या पाण्याचं विद्युत अपघटन करताना धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघायला लागतो. हिशेबाने ऑक्सिजन सोपा, १.२३ व्होल्ट, क्लोरीनला १.३६. तरी ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉनांची देवघेव करावी लागते, क्लोरीनला दोनच, म्हणून तो पुढे घुसतो आणि धातू खातो. निकेल आणि लोहाच्या हायड्रॉक्साइडचे थर अल्कधर्मी पाण्यात हे बऱ्यापैकी रोखतात. आम्ही बीकरमध्ये तेच धरत आहोत. कारण पाण्यातून हायड्रोजन काढणारी, दुर्मीळ इरिडियमवर चालणारी यंत्रं सगळ्या देशाला पुरणार नाहीत.

मला मात्र समुद्रापेक्षा पावसाचं पाणी आधी दिसतं. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने नऊ लिटर पाणी पुरतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभ्यातून निथळून समुद्रात जातो, आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. साठवण झाली तर आधी माणसं पितील आणि मग यंत्रही.

१९ ऑक्टोबर
ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय. जिल्ह्याच्या नकाशावर विजेची ठिकाणं खुणा करून भिंतीवर लावली. पोफळीला कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरतं. अंजनवेलला वायू. जयगडला बाहेरून येणाऱ्या कोळशावर १२०० मेगावॉट. जैतापूरला अणुभट्ट्यांचा प्रस्ताव. विजेबद्दल इतकं पाहिलेला, इतकं भांडलेला जिल्हा क्वचितच असेल. त्या नकाशावर आमच्या नॅनोमीटरच्या थरांना खूण करायला जागा नाही, पण घराघरांच्या छपरांवर आहे.

आज मुलांना छपरावर नेलं. तिथल्या सौर पॅनेलच्या काचेला काही झालेलं नाही. आधारांचे नटबोल्ट गंजलेत, चौकटीच्या कोपऱ्यात मिठाची पांढरी पुटं, आणि एका जोडणीत तांब्यावर हिरवट थर. सिलिकॉन ठणठणीत, बाजूचं सगळं थकलेलं. पीएच.डी.चा विषय ठरवायला आलेल्या मुलीने खूप वेळ त्या जोडणीचे फोटो काढले. तिला पेरोव्स्काइट करायचं होतं, सध्या सगळ्यांना तेच करायचं असतं. खाली आल्यावर म्हणाली, "मॅडम, मी वरच्या थरावर काम करू का? खारी हवा आत जाऊ न देणाऱ्या?"

मी हो म्हटलं. तिला कोल्हापूर, पुण्याचे पत्ते दिले, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरांवरचे निबंध वाचायला काढून दिले. नमुने छपरावरच ठेवायचे, मिऱ्याकडून वारा येतो त्या बाजूला, आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत आकडे लिहीत राहायचं. तिच्या आईवडिलांना हे किती वर्षांचं काम आहे ते समजावून सांगायला रविवारी देवरुखला जाणार आहे.