मोसे खोऱ्यातून दौंडला

आमचं मूळ गाव तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातलं, मोसे खोऱ्यातलं. ते वरसगाव धरणात गेलं आणि आम्हाला दौंड तालुक्यात जमीन मिळाली. जिल्हा तोच, भाषा तीच. तरी तिथे आम्ही धरणग्रस्त झालो. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट, पण शाळेत मलाही पोरं ‘धरणग्रस्ताचा’ म्हणूनच हाक मारायची.

तिथली माणसं वाईट नव्हती. १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांची मर्यादेपलीकडची जमीन संपादन करून विस्थापितांना द्यायची होती. म्हणजे आमच्या वाट्याला आलेलं रान कालपर्यंत शेजाऱ्याचं होतं. सरकारी माणसांनी मोजणी केली, ताबा दिला आणि दोन्ही घरांना एका बांधावर सोडून ती निघून गेली. पुढे कित्येक वर्षं पाण्याच्या पाळीवरून आणि वाटेवरून भांडणं झाली. मला यात आजही शेजाऱ्यांपेक्षा सरकारचाच दोष जास्त दिसतो.

आजीचा जन्म इरलं घेऊन खाचरात आवण करण्यात गेलेला. राब भाजायचा कधी, नाचणी लावायची कधी, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. दौंडला काळी जमीन, बेताचा पाऊस आणि कालव्याचं पाणी. पाळी रात्री आली की उसाला दारं धरायला रात्रीच जायचं. हे तिला शिकवलं ते ज्यांची जमीन गेली होती त्यांच्याच घरातल्या काकूंनी. घरातले पुरुष एकमेकांशी बोलत नसताना या दोघी ज्वारीच्या खुडणीला एकमेकींकडे जायच्या. आजी गेली तेव्हा तिरडीचं सामान आणायला त्याच घरातली माणसं धावली. त्यानंतर मला तिथे कुणी धरणग्रस्त म्हटल्याचं आठवत नाही.

आमच्या धरणाशेजारचं पानशेत म्हटलं की पुण्याला ते धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. शहराला पाणी मिळावं म्हणून उठलेली आमच्यासारखी खोरी क्वचितच कुणाला आठवतात.

आणि आमच्यातही सगळ्यांना सारखं मिळालं नाही. गावच्या कातकरी घरांच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून त्यांना जमीन नाही. ती पाण्याच्या कडेला वर सरकून राहिली. मासे धरतात, दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. वडिलांबरोबर गुरं राखलेले एक काका अजून तिकडेच असतात. त्यांची नातवंडंही भट्टीवर जातात, आणि त्या महिन्यांत त्यांची शाळा बुडते.