मधली ओळ

आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी ते तिप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा.

हे उदाहरण मी आठवीच्या वर्गात दरवर्षी घालते आणि दरवर्षी पाच-सहा वह्यांत उत्तर येते, क्ष = ०. मुलगी शून्य वर्षांची आणि तिची आईही शून्य वर्षांची!

पूर्वी अशा उत्तरावर मी लाल फुली मारून पुढची वही घेत असे. आता ती वही आधी वाचते. बहुतेक वेळा तिच्यात समीकरण असते : ४क्ष + ५ = ३क्ष + ५. डावी बाजू अगदी बरोबर आहे. उजवीकडे मात्र मुलीच्या आजच्या वयाची तिप्पट करून मग ५ मिळवले आहेत. आधी ५ मिळवायचे होते आणि त्या वाढलेल्या वयाची तिप्पट करायची होती. विचारले की मूल म्हणते, "बाई, कंस विसरलो." मला ते पटत नाही. '५ वर्षांनी मुलीचे वय क्ष + ५' ही ओळ त्याने कागदावर उतरवलीच नव्हती, मनातल्या मनात धरली होती. ती समोर असती, तर तिप्पट कोणाची करायची हा प्रश्नच उरला नसता.

म्हणून मी आधी चार चौकटी आखायला सांगते. वर 'आज' आणि '५ वर्षांनी', बाजूला 'मुलगी' आणि 'आई'. मुलगी क्ष, नंतर क्ष + ५. आई ४क्ष, नंतर ४क्ष + ५. आता ४क्ष + ५ = ३(क्ष + ५). कंस सोडवला की ४क्ष + ५ = ३क्ष + १५. दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा करा, मग ५ वजा करा. क्ष = १०. मुलगी १० वर्षांची, आई ४० ची. ५ वर्षांनी १५ आणि ४५, तिप्पट जुळली. हा ताळा समीकरणात नव्हे, मूळ उदाहरणाच्या वाक्यात घालून पाहायचा, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल तर त्यात क्ष = ० सुद्धा चोख बसतो.

'दोन्ही बाजूंतून वजा करा' असे मी मुद्दाम म्हणते. 'इकडचे तिकडे नेले की चिन्ह बदलते' हे वाक्य मी वर्गात उच्चारणे सोडले आहे. तेच पाठ केलेली मुले ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ असे लिहितात आणि ९ उत्तर काढतात.

बरोबरच्या चिन्हाचेही तसेच. १८ रुपयांच्या ६ वह्या आणि ४० रुपयांची कंपासपेटी, एकूण खर्च किती? हुशार मुलेसुद्धा लिहितात : १८ × ६ = १०८ + ४० = १४८. उत्तर बरोबर आहे, ओळ खोटी आहे. १८ × ६ म्हणजे १४८ नव्हे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या गणितज्ञाने १५५७ मध्ये हे चिन्ह छापले, तेव्हा दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी त्याला सापडेनात. आपल्या मुलांना मात्र त्या रेघांचा अर्थ 'आता उत्तर लिही' एवढाच कळलेला असतो. सातवी-आठवीत हे दुरुस्त झाले नाही, तर पुढचे सगळे बीजगणित त्यांना नुसती चिन्हांची हलवाहलव वाटते.

"मला तोंडी येते, मग पायऱ्या कशाला?" असे विचारणारे मूल दर वर्षी भेटते. त्याला खरेच येत असते. पण पायऱ्या लिहिण्याची सवय सोप्या उदाहरणांवरच लागते, अवघड उदाहरण आल्यावर ती लावता येत नाही. चार पर्यायांतला एक गोल काळा करायच्या परीक्षांनी या सवयीचे फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांना एक विनंती. सुट्टीचा अभ्यास घेऊन मूल शेजारी बसले की पुस्तकामागची उत्तरसूची मिटून ठेवा. उदाहरण त्याला मोठ्याने वाचू द्या आणि 'उत्तर किती आले?' असे न विचारता 'ही ओळ कुठून आली?' एवढेच विचारा.