साडेतीनशे वर्षं टिकलेली मराठी

चेन्नईत राहायला आलो तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी कशाची होती, सांगू? मुलीच्या मराठीची. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेली की तमिळ. वर्षभरातच मी मराठीत विचारायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

एक दिवस वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारच्या आजींनी मला थांबवलं. कांजीवरम साडी, केसांत गजरा. मी त्यांना तमिळच समजत होते. त्या म्हणाल्या, "पोरी, तुम्ही मराठी काय? आम्हीपण मराठीच." शब्द आपले, हेल मात्र पूर्ण तमिळ. मला हसू आलं. इतकंच नाही, पुढच्या भेटींत मी त्यांचं बोलणं सुधारायलाही लागले. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या आजीची आजीही असंच बोलायची. पुण्यात कसं बोलतात ते आम्हाला कोण सांगणार होतं?"

मी ओशाळले. त्या रात्री तंजावरच्या मराठ्यांबद्दल वाचत बसले.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचं राज्य सुरू केलं. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून सरदार, कारकून, पुजारी, कीर्तनकार अशी कितीतरी मराठी कुटुंबं कावेरीकाठी आली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीत नाटकं लिहिली, तीही विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'च्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी! सरफोजीराजे दुसरे यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तिथे आजही मोडी कागदपत्रं आहेत. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला.

१८५५ साली इंग्रजांनी हे राज्य खालसा केलं. राज्य गेलं, माणसं राहिली. शिक्षणासाठी, नोकरीसाठी अनेकांनी मद्रास गाठलं. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासमध्येच शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. मराठी मुलांच्या शिक्षणाला मदत करणारा 'महरट्टा एज्युकेशन फंड' इथे १९१२ साली सुरू झाला.

पण या लोकांची मराठी टिकली कशी? दुसऱ्या दिवशी मी आजींनाच विचारलं. त्या हसल्या. "टिकवायची म्हणून कोणी टिकवली नाही. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, एवढंच. आई चुलीपाशी जे बोलायची तेच आम्ही बोललो." त्यांना देवनागरी वाचता येत नाही. सणावारांच्या याद्या, पाककृती सगळं त्यांनी तमिळ लिपीत लिहून ठेवलंय. भाषा मराठी, अक्षरं तमिळ! इथल्या मिठाईच्या दुकानात पुरणपोळीला 'बोळी' म्हणतात, तेव्हा आजी मला कोपराने ढोसतात, "बघ, आपलीच!"

मग जरा थांबून म्हणाल्या, "पण माझा नातू आता मराठी बोलत नाही. फोनवर मी बोलते, त्याला कळतं. उत्तर इंग्रजीत देतो."

मला काय बोलावं कळेना. माझ्या घरातही तेच चाललं होतं. त्यांच्या घरात जे इतक्या पिढ्या चाललं, ते आमच्याकडे एका वर्षात सुटत होतं. आणि मी मात्र शुद्ध-अशुद्ध करत बसले होते.

आता रोज संध्याकाळी मुलगी आजींकडे जाते. ती त्यांना देवनागरी अक्षरं शिकवते, आजी तिला त्यांच्या घरातले शब्द शिकवतात. परवा मुलगी घरी येऊन थेट तमिळ हेल काढून मराठीत म्हणाली, "आई, भूक लागली." मी सुधारलं नाही. ताट वाढलं.

तुमच्याही घरात कोणी मोडकंतोडकं मराठी बोलत असेल, तर आधी त्यांना बोलू द्या. चुका सुधारायला पुष्कळ वेळ आहे. गप्प झालेल्या माणसाला पुन्हा बोलतं करणं फार अवघड असतं.